पुंगळी उचलणारा पुर्जा

हे मी माझ्या मुलीला सांगितलेलं नाही. मजीदला नाही — आणि मजीद आणि मी एकवीस वर्षं एका खोलीत झोपतोय, एकमेकांचं घोरणं ओळखतो. देवासमोर हात जोडले तेव्हाही तोंडातल्या तोंडात दुसरंच काहीतरी पुटपुटलो, हे नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझं तोंड तुम्हाला परत बघावं लागणार नाही.

शिक्षण चौथीपर्यंत. हात मात्र शिकले. रत्नागिरी जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव, बापाकडे ठासणीची बंदूक — भातात डुकरं शिरायची त्यांच्यासाठी — तिचा घोडा झिजला की कानशीने घासून मीच बसवायचो. पुढे मुंबईला लेथवर लागलो, आणि तिथून इथे, ओमानात. मस्कतला लागून गाला म्हणून कारखान्यांची वस्ती आहे, तिथल्या एका वर्कशॉपात एकतीस वर्षं झाली. पुढच्या भागात पंपाचे शाफ्ट आणि ट्रकचे बुश, म्हणजे आतली पितळी नळकांडी. मागच्या खोलीत बंदुका. परवाना मालकाचा, म्हणजे हमूद अर्बाबचा — इथे मालकाला अर्बाब म्हणतात — आणि हात माझे. इथे घरात बंदूक असते जशी आपल्याकडे कोयती असते. बापाची, आज्याची. लग्नात आणि ईदला बाहेर निघते. शिकारीला आता बंदी आहे, पण नेमाची हौस काय कायद्याने जाते?

एकबारी बंदूक तुम्ही बघितली नसेल, तर आधी ती समजून घ्या, नाहीतर माझं पाप तुम्हाला कळायचं नाही. एका वेळी एकच काडतूस. बार झाला की बंदूक मधोमध मोडायची — बिजागरीवर वाकते ती — रिकामी पुंगळी काढायची, नवं काडतूस घालायचं, मिटायची. ती पुंगळी बाहेर आणायला नळीच्या मागच्या तोंडाशी एक बारका पुर्जा असतो. तो दोन तऱ्हेचा. एक फेकणारा. बंदूक मोडली की स्प्रिंगच्या जोराने पुंगळी टण्णकन खांद्यामागे उडवतो. त्याला इजेक्टर म्हणतात. दुसरा नुसता उचलणारा, एक्स्ट्रॅक्टर. तो पुंगळी नखभर वर आणतो आणि थांबतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा. कड चिमटीत धरा आणि ओढा.

एवढाच फरक आहे. आणि एवढ्या फरकात मी एका माणसाला सगळ्या गावासमोर नागडा केला. मुद्दाम केला. जाणूनबुजून, थंड डोक्याने, दोन महिने आधीपासून ठरवून. आणि तो झाला तेव्हा मला बरं वाटलं.

हे झालं निम्मं. निम्मं सांगायला मला फार जड जात नाही, हेही तुम्हाला दिसतंच आहे.

हमूद अर्बाब माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. उंच, बारीक, दाढी मेंदीने लाल. रुस्ताकच्या वर डोंगरात त्याचं गाव. तिथे दर थंडीत कोरड्या नदीच्या पात्रात पुरुष जमतात आणि फळीवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर नेम धरतात. पाच काडतुसं, हातात घड्याळ घेतलेला एक माणूस, आणि एक नियम — नेमकऱ्याच्या बंदुकीला दुसऱ्याचा हात लागला की तो नेमकरी बाद. पहिला बार घराण्यातल्या वडिलाचा. तो मान अर्बाबच्या बापाचा होता, मग अर्बाबचा झाला. त्याच्यामागे धाकटा भाऊ, सुलेमान. तो काही घाईत नव्हता, पण भाऊ तो भाऊच. इतकी वर्षं अर्बाब बापाचीच बंदूक चालवायचा. तिला फेकणारा पुर्जा होता. बार, मोड, टण्ण. आता तिची नळी आतून इतकी खाल्ली गेली होती की माझ्याच्याने काही होणार नव्हतं. मीच त्याला म्हटलं, अर्बाब, हिला आता भिंतीवर लावा.

आणि अर्बाबला साखर. जुनी. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं मेल्यात जमा. कॉफीचा कप तो दोन्ही तळव्यांत धरायचा. टेबलावरचा स्क्रू उचलायला गेला की बोटं त्याच्यावरून घसरायची आणि तो खाली न बघता दुसरंच काहीतरी बोलायला लागायचा. चाप ओढायला काही अडत नव्हतं, चापाला हाड पुरतं. काडतूस तळव्यावरून नळीत घरंगळत सोडायचा, ती जन्माची सवय. पण चिमटी? चिमटी संपली होती. हे कोणाला ठाऊक होतं? त्याच्या बायकोला नाही. सुलेमानला तर नाहीच नाही. मला. एकदा मागच्या खोलीत त्याला गळ्याजवळचं बटण लावता येईना, तेव्हा मी लावून दिलं. तो म्हणाला, "दत्ता, हे या खोलीतच राहू दे." मी म्हटलं, "खलास, अर्बाब." इथे खलास म्हणजे ठरलं, विषय संपला. आणि राहू दिलं. वर्कशॉपात माझ्याबरोबर पुढच्या भागात काम करणाऱ्या मजीदने ते आपल्या डोळ्यांनी हेरलं ते वेगळं. त्याच्या नजरेतून टाचणी सुटत नाही.

आता इंदू.

इंदू माझी बायको. गावाला असायची. मी वर्षाला एक महिना जायचो, कधी दोन. इतक्या वर्षांतले आम्ही एकत्र काढलेले दिवस जोडले तर किती होतात, ते मी एकदा जोडायला बसलो आणि उठलो. चार वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. मुलीने फोन केला — बाबा, डॉक्टर म्हणतात ज्याला बोलवायचं त्याला बोलवून घ्या. हे ज्येष्ठात. इंदू गेली श्रावणात. मधले साडेआठ आठवडे मी गालाला होतो. लेथवर.

गावात सगळ्यांना ठाऊक आहे ते असं — दत्तारामने मालकाकडे रजा मागितली, पाया पडला, आणि त्या मालकाने नुसतं इन्शाल्ला, इन्शाल्ला करत त्याला अडकवून ठेवलं. बायको गेली तरी सोडलं नाही. राख सावडून झाल्यावर पोहोचला बिचारा.

तिला उचलून नेलं ते मी फोनवर बघितलं. पुतण्याने फोन धरला होता, त्याचा हात हलत होता, त्यामुळे इंदू सारखी चौकटीबाहेर जायची. शेवटी तर नुसता जांभळीचा शेंडा दिसत होता आणि माणसांचा आवाज. मी मागच्या खोलीत स्टुलावर बसून तो शेंडा बघत होतो.

मजीदने अर्बाबला फोन केला असणार. तो आला. त्याने वर्कशॉपचं शटर खाली ओढलं आणि तीन दिवस उघडलं नाही. त्यांच्यात मयताचे तीन दिवस बसतात, तसा तो माझ्यापाशी बसला — सतरंजीवर, मांडी घालून, सकाळपासून मावळेपर्यंत. घरून भात आणला, खजूर आणले. त्याच्या गावची चार माणसं येऊन माझा हात हातात घेऊन गेली, ज्यांना माझं नावही धड येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिकीट मिळालं, तर स्वतः गाडी चालवत विमानतळावर घेऊन गेला. आणि मी उतरताना, गाडी बंद न करता, समोर बघत त्याने मला विचारलं —

"दत्ता, तू मला सांगितलं का नाहीस?"

बस. या एका वाक्यासाठी मी त्या माणसावर डूख धरला. तुम्ही म्हणाल, पण तू तर सांगितलं होतंस, पाया पडला होतास. थांबा. येतोय तिथे. मला माझ्या चालीने येऊ द्या.

तेरावं करून मी परत आलो. आलो त्याच दिवशी अर्बाब हातात कागद घेऊन मागच्या खोलीत आला. नवी बंदूक मागवत होता. छान एकबारी, त्याच्या बापाच्या बंदुकीसारखीच घडण. विकणाऱ्याने विचारलं होतं — पुर्जा कुठला बसवून पाठवू, फेकणारा की उचलणारा? अर्बाबला त्यातलं काय कळतंय? जन्मभर पुंगळी आपोआप उडत होती, तिच्याकडे त्याने कधी वळूनही बघितलं नव्हतं. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला.

"मिस्त्री, हा की तो?"

मी विचार केला असं तुम्हाला वाटतं? नाही केला. तो विचारत होता तोवर माझ्या मनात उत्तर तयार होतं. जसं काही विमानातून मी तेच घेऊन उतरलो होतो.

मी म्हटलं, उचलणारा घ्या. फेकणाऱ्याची स्प्रिंग एक दिवस दगा देते, तुमच्या बापाच्या बंदुकीची मी तीनदा बदललीय. पुंगळ्या वाळूत उडतात, मग पोरासोरांसारखं शोधत फिरा, अर्ध्या सापडतच नाहीत. आवाज होतो टण्ण, शेजारच्याचा नेम हलतो. उचलणाऱ्यात स्प्रिंगच नाही, मोडायचं काही कामच नाही. पुंगळी अलगद वर येते, घ्यायची आणि खिशात टाकायची. वयस्क माणसाला शोभणारं काम.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. आजही गालातल्या कुठल्याही बंदूकवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. दुसरा कोणी गिऱ्हाईक असता तर मी त्यालाही हेच सांगितलं असतं, आणि माझं सांगणं बरोबरच ठरलं असतं. म्हणून तर ते इतकं सोपं गेलं. खोटं बोलावं लागलं असतं तर कदाचित जीभ अडखळली असती.

"घ्यायची आणि खिशात टाकायची," तो म्हणाला. त्याला ते आवडलं. त्याने खूण केली नाही, मलाच करायला लावली. पेन त्याच्या बोटांत राहत नव्हतं.

मजीद दापोलीकडचा. तोंडाने फाटका, मनाने सरळ. बंदूक आली, मी पेटीतून काढली, तेव्हा तो बुश हातात घेऊन दारात उभा.

"काय रे मिस्त्री, म्हाताऱ्याला उचलणारा दिलास?"

"त्याने निवडला."

"त्याने! तो पायतण घेतो ते पण तुला विचारून घेतो. त्याच्या हातात कप राहत नाय आणि तू त्याला चिमटीचं काम लावलंस?"

"तू तुझा बुश घास."

"माझा बुश घासून झालाय. तुझं काय चाललंय ते सांग."

मी पेटीचं झाकण लावलं. तो म्हणाला, "अजून वेळ आहे, बदलून टाक. दोन दिवसांचं काम आहे तुला." आणि गेला. परत त्याने तो विषय काढला नाही. अजूनही नाही. कधीकधी जेवताना माझ्या ताटात मासळीचा बरा तुकडा टाकतो आणि माझ्याकडे बघतो, तेव्हा मला वाटतं हा आत्ता बोलणार. पण बोलत नाही.

दोन दिवसांचं काम होतं, खरंच. फेकणारा पुर्जा मी डोळे मिटून घडवला असता. आमच्या कामात नवी बंदूक मालकाच्या हातात देण्याआधी मिस्त्रीने शेजारी उभं राहून ती चालवून घ्यायची असते. गोळी तो झाडणार, मी झाडायची नाही, मला कायद्याने परवानगी नाही. पण पुर्जे कसे बसतात, कुठे अडतं, ते मिस्त्री बघतो. बरका गावाला अर्बाबची बाग आहे, लिंबं आणि खजूर, मागे मोकळी जमीन. तिथे गेलो. आणि तिथे मी जे केलं ते सल्ल्याहून वाईट. सल्ला तोंडातून जातो. हे हाताने केलं.

पहिला बार झाला, त्याने बंदूक मोडली, पुंगळी नखभर वर आली. त्याचा हात तिकडे जायच्या आत मी पुढे झालो. "अर्बाब, तुम्ही ठिपक्यावरची नजर काढू नका. पुंगळीचं मी बघतो." चिमटीत धरली, ओढली, त्याच्या खिशात टाकली. दुसरा बार. परत मी. सात बार झाले. सातही वेळा मी काढली. तापलेली पुंगळी नळीला धरून बसते, जरा जोर लावावा लागतो, माझ्यासारख्याच्या बोटांनासुद्धा. तो जोर मी त्याला दिसू दिला नाही. एकदाही त्याच्या बोटाला त्या कडेपर्यंत पोहोचू दिलं नाही.

तो खूश. पोरासारखा खूश. सातातले पाच ठिपक्याला लागले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दत्ता, माझ्या घरात मला कोणी एवढं जपत नाही."

तिथे थांबता आलं असतं, नाही? कुठलाही बरा माणूस तिथे थांबला असता. मला त्या वाक्याने उलट चेव आला. मी मनात म्हटलं, जपतो तुला. नीट जपतो. बघच.

मग तो दिवस. सकाळची वेळ, थंडीतलं ऊन, पात्रात बाभळीखाली गालिचे टाकलेले. म्हातारे बसलेले, कॉफी फिरत होती, तरणी माणसं उभी. मी गाडीला टेकून उभा होतो, जरा लांब, पण मला सगळं दिसेल असा. अर्बाबने मला मुद्दाम बोलावलं होतं — माझा मिस्त्री, म्हणून चौघांना ओळख करून दिली होती. नवी बंदूक हातोहात फिरली. सुलेमानने मोडून बघितली, पुर्ज्यावरून बोट फिरवलं, म्हणाला, "हा फेकत नाही?" अर्बाब म्हणाला, "फेकणारा पोरांसाठी." सगळे हसले. ते माझं वाक्य होतं. थोडं बदललेलं.

पहिला बार ठिपक्याच्या मधोमध. लोकांनी वा केली. त्याने बंदूक मोडली. पुंगळी नखभर वर आली आणि थांबली.

त्याने हात घातला. बोटं घसरली. परत घातला. परत घसरली. बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारा मजेत करतोय, सावकाश घेतोय. त्याने बंदूक उलटी करून हलवली. तापलेली पुंगळी हलून पडत नाही, मला ते ठाऊक होतं. त्याने अंगठ्याचं नख लावलं. मग डावा हात आणला, तर बंदूक मांडीवरून घसरायला लागली. घड्याळवाला माणूस घड्याळाकडे बघायचं सोडून वाळूकडे बघायला लागला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. इतकी माणसं आणि कॉफीच्या कपाचा आवाज नाही.

मग त्याने दात लावले.

सत्तरीला टेकलेला माणूस, लाल दाढी, बापाच्या गावात, बापाच्या जागेवर, वाकून बंदुकीच्या नळीला तोंड लावून तापलेलं पितळ दातांनी ओढत होता. ओठ पोळला असणार. त्याने तोंड मागे घेतलं आणि परत लावलं.

सुलेमान उठला. त्याने काही नाटक केलं नाही. भावाजवळ गेला, वाकला, आणि चहातली वेलची काढावी तशी दोन बोटांनी पुंगळी काढली. म्हणजे अर्बाब बाद. सगळ्यांना ते कळलं, सुलेमानलाही. पण भावाला तसं किती वेळ बघणार? अर्बाबने त्याच्याकडे बंदूक दिली. उठला, गालिच्याच्या मागच्या टोकाला जाऊन बसला, हात बाहीत घातले.

मग त्याने मान वर करून मला शोधलं. लांबूनच हात हलवला — असा, तळवा खाली करून — की काही नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझी चूक नाही.

आणि मला कसं वाटलं? खरं सांगायचं कबूल केलंय, तर सांगतो. पोटात गार वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. मी मनात म्हटलं, इंदू, घे. बघ. लागला तुझा तळतळाट त्याला. परत येताना गाडीत मी तीन खजूर खाल्ले आणि त्यांची चव लागली.

पुढच्या थंडीत तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पहिला बार आता सुलेमानचा.

आता राहिलेलं निम्मं. हे लिहायला मला चार दिवस लागलेत, तुम्हाला एका पानात वाचून होईल.

इंदूचा तळतळाट त्याला लागावा असं त्याने काहीच केलं नव्हतं. मी रजा मागितलीच नव्हती. पाया पडलो नव्हतो. ज्येष्ठात एकदा, हातात कानस, डोळे कामावर, मी म्हटलं होतं — अर्बाब, घरी थोडं आजारपण आहे, गणपतीला जरा लवकर जाईन म्हणतो. तो म्हणाला, इन्शाल्ला, अल्ला बरं करो. एवढंच बोलणं. कोण आजारी, काय आजार, त्याने विचारलं नाही. त्यांच्यात दुसऱ्याच्या घरच्या बाईची चौकशी करत नाहीत, ते वाईट दिसतं. आणि आमच्यात, माझ्या वयाचा माणूस, परक्यापुढे बायकोचं नाव काढत नाही. तो त्याच्या रीतीने गप्प राहिला, मी माझ्या. पण त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी ती रीत पुढे केली आणि तिच्यामागे लपलो.

आणि इंदूला काय सांगितलं? ती रोज विचारायची. आवाज बारीक होत गेला होता. "अहो, सांगितलंत काय त्यांना?" मी म्हणायचो, सांगितलं, सोडत नाही. एक दिवस म्हटलं, आज पाया पडलो त्याच्या. हे मी स्वतःच्या मनाने वाढवलं, कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "माणूस आहे का कोण तो? त्याला माझा तळतळाट लागेल." मुलगी म्हणाली, बाबा, मला त्याचा नंबर द्या, मी बोलते हिंदीत. मी म्हटलं, तू मध्ये पडू नको, माझी नोकरी जाईल.

का? तुम्ही विचाराल, मीही विचारलंय. मला जायचं नव्हतं. मला भीती वाटत होती. त्या खाटेपाशी बसून करायचं काय? तिला कुशीवर वळवायची कशी, पाणी किती पाजायचं, तिने हात धरला तर किती वेळ धरून ठेवायचा — मला येत नव्हतं. इतक्या वर्षांत महिन्यामहिन्याने भेटलेली बाई. ती माझ्याकडे बघेल आणि तिला कळेल की याला काही येत नाही. इथे लेथ होता. लेथ मला येतो. म्हणून मी गेलो नाही, आणि ती एका निर्दोष माणसाला शिव्याशाप देत मेली, आणि ते शाप तिच्या तोंडात मी घातले होते.

मग त्याने गाडीत विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस. साधा, सरळ माणूस, साधा, सरळ प्रश्न. त्याचं उत्तर जगात मला एकट्याला ठाऊक होतं. जो माणूस मला ते विचारू शकतो, त्याला मी खाली पाडलं. एवढंच झालं. इंदूचा सूड वगैरे काही नाही. तो सूड माझा होता, आणि तो उगवायला हवा होता माझ्यावर.

आणि अजून एक आहे. हे सगळ्यात शेवटचं.

यंदा अर्बाब हजला गेला. जायच्या आधी त्यांच्यात ज्याच्या-ज्याच्याशी संबंध आला त्याची माफी मागून जातात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला. मजीदला म्हणाला, कामात काही कमीजास्त बोललो असेन तर माफ कर. मजीद म्हणाला, "अर्बाब, तुम्ही नाय, मीच जास्त बोललो." दोघं हसले, गळ्यात पडले. मग मागच्या खोलीत आला. मी खुर्ची दिली तर बसला नाही. खाली बसला, सतरंजी नसताना, फरशीवर, ते तीन दिवस बसला होता तसा. म्हणून मलाही बसावं लागलं.

तो म्हणाला, "दत्ता, त्या दिवशी पात्रात रबने मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. मी पुष्कळ विचार केला, कशाची शिक्षा. तुझ्या घरात मरण येत होतं, तू मला म्हणालास आजारपण आहे, आणि मी विचारलं नाही कोण. मी रीत बघितली, तुझं तोंड बघितलं नाही. ही त्याची शिक्षा आहे. तू मला माफ केलंस तरच मी जाईन."

त्याचे हात मांडीवर होते, ती मेलेली बोटं वर करून. दारात मजीद उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. मला तेव्हा बोलता आलं असतं. अर्बाब समोर होता, एका हाताच्या अंतरावर, आणि तो मारायला उठला नसता.

"माफ केलं, अर्बाब," मी म्हटलं. दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं नाही.